कॅम्पर व्हॅनला जादा दिवे: निवड, जोडणी आणि वायरिंग (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

टेम्पो ट्रॅव्हलर, विंगर, अर्बेनिया, ईको अशा गाड्यांचं फिरतं घर करून धरणाकाठी, किल्ल्याच्या पायथ्याशी किंवा ओळखीच्या शेतात मुक्काम करणाऱ्यांचे दिव्यांबद्दलचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं १२ व्होल्टच्या गाड्या धरून दिली आहेत. २४ व्होल्टवाल्यांनी प्रश्न १९ आधी वाचावा. बहुतेकांचे पैसे छतावरच्या लांब फेकणाऱ्या एलईडी बारवर जातात. मराठवाड्यातल्या रात्रीच्या रस्त्याला मात्र जवळचा, रुंद आणि खाली बसवलेला उजेड लागतो. पुढची बरीचशी उत्तरं याच कारणाने तशी आहेत.

१. जादा दिवे घेण्याआधी काय तपासावं?

गाडीचे मूळ हेडलाइट. निम्म्या गाड्यांचं काम तिथेच भागतं. इंजिन चालू ठेवा, अप्पर लावा आणि मल्टिमीटरने बॅटरीवरचा व्होल्टेज मोजा. मग बल्बच्या होल्डरमागे मोजा. बॅटरीवर १३.८ आणि होल्डरवर १२.४ दिसत असेल तर सुमारे १० टक्के व्होल्टेज वाटेत जातोय. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने पडतो. १० टक्के व्होल्टेज घटला की उजेड जवळपास ३० टक्के घटतो. हेडलाइटची अर्थिंग घासून साफ करा आणि रिलेचं (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) वेगळं हार्नेस, म्हणजे वायरांचा जोडलेला संच, टाका, की तोच बल्ब नव्यासारखा दिसतो.

काच पिवळी पडली असेल तर ८००, १५००, २००० नंबरचा पाण्याचा पेपर क्रमाने फिरवून पॉलिश करा आणि वरून यूव्ही क्लिअर कोट मारा. कोट मारला नाही तर मराठवाड्याच्या उन्हात ती काही महिन्यांत पुन्हा पिवळी होते. ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० वॉटचा बल्ब मात्र टाकू नका. होल्डर वितळतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

२. किती लांबवर दिसलं म्हणजे पुरे?

तुम्ही किती वेगात चालवता त्यावर. ताशी ८० किमीला गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथेच गेले. कोरड्या डांबरावर भरलेली व्हॅन थांबायला आणखी चाळीसेक मीटर घेते. म्हणजे ७५ मीटर, आणि ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. अप्पर नीट असेल तर इतकं दिसतं. डिपरवर मात्र ५०-६० मीटरच्या पुढे फारसं दिसत नाही, म्हणून डिपरवर ८० चा वेग जास्तच आहे. तिथे वेग कमी करणं हाच उपाय.

पांदण रस्त्यावर वेग असतो १५-२०. तिथे थांबायला १२-१३ मीटर पुरतात. त्या रस्त्यावर लागतं ते दोन्ही बाजूंचं दिसणं: चाकाखालची चाकोरी, बांधाची कड, बाभळीची आडवी आलेली फांदी, काळ्या मातीतली भेग. ५०० मीटर फेकणारा दिवा यातलं काहीच दाखवत नाही.

३. स्पॉट, फ्लड, कॉम्बो, ड्रायव्हिंग, फॉग यांतला कोणता घ्यावा?

स्पॉट म्हणजे ८-१० अंशांचा अरुंद झोत; सरळ मोकळ्या रस्त्यासाठी. ड्रायव्हिंग दिव्याचा झोत मध्यम रुंद असतो आणि तो अप्परला जोड म्हणून वापरायचा. फ्लड चहूकडे पसरतो; तो मुक्कामाला आणि रिव्हर्सला चांगला, चालत्या गाडीला वाईट. फॉगचा झोत आडवा, रुंद, आणि त्याची वरची कड चाकूने कापल्यासारखी सरळ असते. कॉम्बो म्हणजे एकाच बारमध्ये मधे स्पॉट आणि कडेला फ्लड.

एकच जोडी घ्यायची असेल तर वरची कड नीट कापलेला रुंद फॉग घ्या. दुसरी जोडी परवडली तर ड्रायव्हिंग. ऊस हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, बीड, धाराशिव, लातूरच्या रस्त्यांवर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रभर चालतात, आणि बाहेर आलेला ऊस ट्रॉलीच्याही पुढे लोंबतो. ते धोके रस्त्याच्या डाव्या कडेला असतात. रोही आणि रानडुक्करही कडेच्या तुरीतूनच एकदम रस्त्यावर येतात. म्हणून रुंदी आधी.

४. खोक्यावर ३०० वॉट, ३०,००० ल्युमेन लिहिलेलं असतं. खरं किती धरायचं?

मोजून बघा. दुकानातच १२ व्होल्टच्या बॅटरीवर दिवा लावा, मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर मालिकेत जोडा आणि करंट वाचा. मोठ्या दिव्याला डीसी क्लॅम्प मीटर बरा. अँपिअरला व्होल्टने गुणलं की खरे वॉट. ३०० वॉट लिहिलेला बार ४ अँपिअर घेत असेल तर तो ५० वॉटचा आहे.

ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण निघालेला उजेड. तो कुठे पडतो हे त्यात येत नाही. चांगले उत्पादक एका ठरावीक अंतरावरचे लक्स, म्हणजे तिथे प्रत्यक्ष पडणारा उजेड, देतात, शक्यतो आलेखासह. दोन दिव्यांची तुलना करताना लक्स आणि झोताची रुंदी बघा.

वजनही हातात घ्या. एलईडीची उष्णता मागच्या ॲल्युमिनियमच्या पंख्यांतूनच जाते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ ला जातो तेव्हा हलका दिवा स्वतःला वाचवायला दहा मिनिटांत मंद होतो, किंवा जळतो. दुकानात तो अर्धा तास सलग लावून ठेवा आणि उजेड उतरतो का पाहा. दुकानदार तयार नसेल तर दुसरीकडे घ्या.

५. पांढरा घ्यावा की पिवळा? फुफाट्यात पिवळा खरंच जास्त दिसतो का?

थोडासा फरक पडतो, पण लोक समजतात त्या कारणाने नाही. धुळीचे आणि धुक्याचे कण प्रकाशाच्या लहरीपेक्षा बरेच मोठे असतात, त्यामुळे पांढरा काय, पिवळा काय, दोन्ही सारखेच परत उसळतात. पिवळ्यात निळा भाग नसतो आणि डोळ्याला निळ्याची झळ जास्त बसते, म्हणून पिवळ्यात चमक कमी वाटते आणि डोळा कमी थकतो.

खरा फरक उंचीचा. दिवा डोळ्यांच्या जितका जवळ, तितका उसळलेला प्रकाश थेट डोळ्यात येतो. छतावरचा बार फुफाट्यात समोर पांढरी भिंत उभी करतो. बंपरखालचा, वरची कड कापलेला दिवा धुळीच्या खालून रस्ता दाखवतो. म्हैसमाळला किंवा कन्नडच्या औट्रम घाटात पावसाळ्यात धुकं उतरतं तेव्हाही हेच. खालची जोडी ३००० केल्व्हिनच्या (प्रकाशाच्या रंगाचं माप) आसपासची पिवळी आणि ड्रायव्हिंगची जोडी ४५००-५००० ची पांढरी ही जोडणी इकडच्या मातीला चांगली बसते. ६५०० च्या निळसर दिव्यात ओली काळी माती आणि डांबर दोन्ही सपाट काळंच दिसतं.

६. छतावर बार लावला तर काय बिघडतं?

प्रश्न ५ मधली धूळ सोडून आणखी चार गोष्टी. पुढे बॉनेट असलेल्या गाडीत बॉनेट उजळतं आणि डोळ्याची बाहुली लहान होते, त्यामुळे लांबचं उलट कमी दिसतं. त्यावर काळी मॅट फिल्म लावावी लागते. वारा बारच्या पट्ट्यांतून जाताना ७० च्या पुढे शीळ वाजते. बारच्या वरच्या कडेला रबरी पट्टी लावली की ती बऱ्यापैकी थांबते. सौर पॅनलवर सकाळ-संध्याकाळ सावली पडते, आणि पॅनलच्या एका कोपऱ्यावरची सावलीसुद्धा वीज बरीच पाडते. शिवाय गाडीची उंची वाढते. ती मोजून आकडा डॅशबोर्डवर लिहून ठेवा. रेल्वेखालचे बोगदे आणि गावच्या कमानी यांचा अंदाज रात्री चुकतो.

छतावर काही लावायचंच असेल तर मुक्कामाचे फ्लड लावा, प्रश्न १५ पाहा.

७. कायद्यात बसतं का? आरटीओ किंवा वाहतूक पोलीस अडवतील का?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ वाहनाच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला मनाई करतो. अपवादात्मक कारणासाठी नोंदणी प्राधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करण्याबद्दल आहे. म्हणजे छतावरचा बार सार्वजनिक रस्त्यावर पेटवणं हा सरळ दंडाचा विषय आहे. अपारदर्शक कव्हर घालणं ही चांगली सवय आहे आणि तपासणीत त्याने वाद कमी होतो, पण कव्हर घातलं की नियम लागू होत नाही असं नाही.

कंपनीने त्या मॉडेलला दिलेले किंवा पर्याय म्हणून ठेवलेले फॉग दिवे त्यांच्या जागी बसवण्यात सगळ्यात कमी अडचण असते. नोंदणीत गाडी मोटार कॅरव्हान म्हणून बदलून घेणार असाल तर दिव्यांचं काम तपासणीच्या आधी कागदावर आणा. नंतर लावलेली गोष्ट पुन्हा काढायला लावतात.

कायदा बाजूला ठेवला तरी समोरून गाडी, मोटारसायकल, सायकल किंवा पायी माणूस दिसला की खालची फॉग जोडी सोडून सगळे जादा दिवे विझलेच पाहिजेत. पहाटे पंढरपूरच्या वाटेवर दिंड्या कडेने चालतात. दिपलेला माणूस कुठे पाऊल टाकेल सांगता येत नाही. हे हाताच्या सवयीवर सोडू नका, वायरिंगमध्येच करून घ्या, प्रश्न १० पाहा.

८. बुलबार लावून त्यावर दिवे बसवू का?

नको. क्रॅश गार्ड आणि बुलबार यांच्यावर कारवाई करण्याबाबत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. धडकेत तो दांडा पादचाऱ्याला जास्त मारतो आणि धक्का सरळ चासीपर्यंत नेतो, म्हणून एअरबॅगच्या सेन्सरचा हिशोबही बिघडतो.

बंपरच्या मागे चासीच्या शिंगांपर्यंत (पुढे आलेल्या लोखंडी टोकांपर्यंत) जाणारी ५ मिमी पत्र्याची ब्रॅकेट कापून घ्या. वाळूज, चिकलठाणा, जालना, लातूरच्या एमआयडीसीत लेझर कटिंग आणि पावडर कोटिंग दोन्ही होतं. आधी पुठ्ठ्याचा नमुना गाडीवर लावून बघा. ब्रॅकेटला एकच बोल्ट ठेवला तर दिवा थरथरतो आणि झोत नाचतो. दोन बोल्ट, किंवा एक बोल्ट आणि एक आधाराची पट्टी हवी. बोल्ट एम८ स्टेनलेस, नायलॉक नट, आणि ॲल्युमिनियमच्या पायाखाली नायलॉनचा वॉशर. स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा पिळला तर तो चिकटतो आणि कापावा लागतो, म्हणून आट्यांना अँटीसीझ लावा. नंबर प्लेट झाकली जाऊ देऊ नका. रेडिएटरच्या जाळीसमोर मोठे गोल दिवेही नकोत. भरलेली गाडी दुपारी घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो.

९. वायर किती जाडीची, फ्यूज किती अँपिअरचा?

वॉट भागिले व्होल्ट. ५० वॉटचे दोन दिवे म्हणजे १०० वॉट; १३.५ ने भागले की ७.४ अँपिअर. याला अडीच एमएमची (म्हणजे आतल्या तांब्याचा छेद अडीच चौरस मिमी) वायर आणि १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज. १० चा फ्यूज हिशोबात बसतो, पण इंजिनच्या कप्प्यातल्या उष्णतेत तो विनाकारण उडतो.

फ्यूज वायरला वाचवतो, दिव्याला नाही. म्हणून तो बॅटरीच्या प्लस टोकापासून १५-२० सेंमीच्या आत हवा. दिव्याजवळ लावलेला फ्यूज मधली सगळी वायर उघडी सोडतो, आणि गाड्या तिथेच पेटतात. ज्या गाडीत गॅस सिलिंडर आणि गादी दोन्ही आहेत तिथे याबाबत तडजोड करू नका.

छतापर्यंत वायर नेली तर एका बाजूने ६ मीटर, येऊन-जाऊन १२ मीटर. ११ अँपिअरला अडीच एमएममध्ये साधारण १ व्होल्ट पडतो, चार एमएममध्ये ०.६. बारसोबत येणाऱ्या तयार हार्नेसमध्ये बऱ्याचदा पाऊण एमएमची वायर असते. त्यात ३ व्होल्टच्या वर जातात. एलईडीचा ड्रायव्हर व्होल्टेज घटला की जास्त करंट ओढतो, त्यामुळे उजेड तसाच दिसतो आणि तापते वायर. बाहेरून काही कळत नाही, म्हणून हे धोक्याचं.

वायर गाड्यांसाठीची, १०५ अंश सहन करणारी, बारीक तारांची घ्या. घराची एकतारी वायर कंपनाने आतून तुटते.

१०. जोडणी क्रमाने सांगाल का?

आधी बॅटरीचं मायनस काढा. चार पिनांचा १२ व्होल्ट, ४० अँपिअरचा रिले घ्या. बॅटरी प्लसपासून फ्यूज, फ्यूजपासून रिलेची ३० नंबरची पिन. ८७ पासून दिव्यांच्या प्लसला. ८५ अर्थला. ८६ ला केबिनमधल्या स्विचवरून येणारी बारीक वायर, आणि त्या स्विचला पुरवठा अप्परच्या वायरवरून. म्हणजे स्विच चालू आणि अप्पर चालू असेल तरच दिवे पेटतात. डिपर मारला की सगळं एकदम बंद, हात दुसरीकडे न्यायची गरज नाही. खालच्या पिवळ्या फॉग जोडीचा पुरवठा मात्र पार्किंग लाइटच्या वायरवरून घ्या, वेगळ्या रिलेने आणि वेगळ्या फ्यूजने.

रिले पिना खाली करून बसवा, म्हणजे पाणी आत साचत नाही. टोकांना थिंबल क्रिम्पिंगच्या पकडीने दाबा. साध्या पक्कडीने चेपलेलं थिंबल सहा महिन्यांत सैल होतं. वर गोंदवाली हीटश्रिंक स्लीव्ह. नुसती पीळ मारून काळी टेप गुंडाळलेली जोड आपल्या उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते. वायर करुगेटेड पाइपमधून न्या, दर २०-२५ सेंमीला केबल टाय बांधा, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रॉमेट. एक्झॉस्ट, टर्बो आणि पंख्यापासून दूर.

अर्थिंगसाठी चासीवरचा रंग खालचा पत्रा लखलखीत दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर लावून आवळा, वरून व्हॅसलीन. सरळ बॅटरीच्या मायनस टोकावर अर्थ देऊ नका: नव्या गाड्यांत त्या टोकावर बॅटरी सेन्सर असतो, आणि त्याला वगळून गेलेला करंट गाडीच्या हिशोबात येत नाही.

११. अप्परच्या वायरवर जोडलं, तर रिले टरटर वाजतो. किंवा दिवे उलटेच पेटतात.

टरटर म्हणजे गाडी हेडलाइटला सलग नाही, तुकड्या-तुकड्याने वीज देते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत हे जास्त आढळतं. मल्टिमीटरवर १२ ऐवजी ९-१० च्या आसपास आकडा दिसतो. यासाठी असा तुकड्यांचा (पीडब्ल्यूएम) सिग्नल चालणारं तयार ट्रिगर मॉड्युल मिळतं. साधा रिले तसाच ठेवला तर त्याचे पॉइंट जळतात.

उलटे पेटत असतील तर तुमच्या हेडलाइटला प्लस कायम आहे आणि स्विच मायनसला काम करतो. अशा गाडीत ८५ अप्परच्या वायरला आणि ८६ इग्निशननंतरच्या प्लसला, मधे स्विच ठेवून, जोडा.

दोन्हींत वायर सोलून किंवा चिमट्याचा कनेक्टर चावून जोड घेऊ नका. होल्डरच्या मापाचा मधला टी-कनेक्टर घ्या. मूळ हार्नेस कापलेलं नसलं की वॉरंटीचा आणि विम्याचा वादही सोपा होतो.

१२. हे दिवे गाडीच्या बॅटरीवर घ्यावेत की घराच्या (व्हॅनमधल्या राहायच्या भागाच्या) लिथियम बॅटरीवर?

पुढचे सगळे गाडीच्या बॅटरीवर, मुक्कामाचे सगळे घराच्या बॅटरीवर. गाडी चालते तेव्हा अल्टरनेटर १०० वॉट सहज भरून काढतो. घराच्या बॅटरीवर पुढचे दिवे टाकले आणि तिचा संरक्षक बोर्ड बंद पडला, तर घाटात एकदम अंधार होतो.

१०० अँपिअर-तासाच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीत सुमारे १२८० वॉट-तास असतात. २० वॉटचा बाहेरचा दिवा चार तास लावला तर ८० गेले. फारसं काहीच नाही. पण या बॅटरीचा शॉर्ट झाला तर करंट प्रचंड जातो, म्हणून तिच्या टोकापाशी टी क्लासचा मुख्य फ्यूज आणि त्यानंतर फ्यूज बॉक्स, असंच ठेवा.

१३. छत फायबरचं आहे. भोक पाडून दिवा बसवला, आता गळतं.

फायबरच्या छताला बोल्ट नुसता धरत नाही. आतून कमीत कमी ७५ बाय ७५ मिमीची ॲल्युमिनियमची पट्टी लावा, नाहीतर खड्ड्यांनी भोक लांबट होतं आणि सील सुटतं. भोकाची कड घासा, पॉलियुरेथेन सीलंट भोकात आणि पायाखाली भरा, अर्धवट आवळा, २४ तास वाळू द्या, मग पूर्ण आवळा. सगळं एकदम आवळलं की सीलंट बाहेर पिळून जातं. साधा सिलिकॉन उन्हात कडेने सुटतो आणि त्यावर पुन्हा दुसरं काही चिकटत नाही. आधी सिलिकॉन लावलेला असेल तर तो पूर्ण खरवडून काढा.

वायरसाठी बाजूला तोंड असलेलं केबल ग्लँड, तोंड गाडीच्या मागच्या दिशेला. आत शिरण्याआधी वायरला खाली झुकलेला वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून टपकतं. आणि फायबर वीज वाहत नाही. अर्थची वायर खाली चासीपर्यंत वेगळी न्यावी लागते.

१४. झोत कसा जुळवायचा?

गाडी मुक्कामाला निघताना असते तशी भरून: पाण्याची टाकी, सामान, माणसं. मागे १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. मागचा भाग बसतो आणि पुढचे दिवे वर बघतात. रिकाम्या गाडीवर जुळवलेला झोत म्हणूनच समोरच्यांना त्रास देतो. टायरची हवा बरोबर करा.

सपाट जागी भिंतीपासून ८ मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने तेवढ्या उंचीवर आडवी रेघ मारा. ड्रायव्हिंग दिव्याचा सर्वांत तेज भाग या रेघेच्या ८ सेंमी खाली. दिवा जमिनीपासून ७० सेंमी असेल तर हा झोत ७० मीटरवर टेकतो. फॉगची वरची कड १६ सेंमी खाली. ५० सेंमी उंचीचा दिवा असेल तर ती २५ मीटरवर टेकते. एका वेळी एकच दिवा पेटवा, दुसऱ्यावर कापड टाका. पहिल्या २००-३०० किमीनंतर पुन्हा बघा, ब्रॅकेट बसतात.

१५. मुक्कामाच्या उजेडाला किडे फार येतात.

पहिल्या पावसानंतर तर पंखवाल्या वाळवीने दार उघडता येत नाही. किडे निळसर आणि अतिनील प्रकाशाकडे जास्त ओढले जातात. २०००-२२०० केल्व्हिनचा अंबर दिवा लावा, मंद करायचा डिमर घ्या, आणि पांढरा फ्लड फक्त तंबू ठोकताना किंवा चाक बदलताना वापरा. दिवा दारावर नको. दारापासून दोन-तीन मीटर लांब, खाली तोंड करून.

१६. काचेच्या आत दव जमतं. दिवा गेला का?

आतून बारीक धुकं येऊन अर्ध्या तासात जात असेल तर ठीक आहे. बऱ्याच दिव्यांना श्वास घ्यायला झडप असते. थेंब ओघळत असतील तर सील गेलं. बऱ्याचदा कारण पाणी ओलांडणं असतं. तापलेला दिवा थंड ओढ्यात बुडला की आतली हवा आक्रसते आणि पाणी ओढून घेते. ओढ्याआधी पाच-दहा मिनिटं दिवे बंद करा. आयपी६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. प्रेशर वॉशरचा फवारा ही वेगळी चाचणी असते, तिला आयपी६९के लागतं. वॉशिंग सेंटरवर नळी दिव्याच्या कडेला टेकवू देऊ नका.

पॉलिकार्बोनेटची काच कोरड्या फडक्याने पुसली तर धुळीतले खडे तिला ओरखडतात. आधी पाणी ओता. पेट्रोल किंवा थिनरने तिला तडे जातात.

१७. दिवे लावले की एफएम खरखरतं, मागचा कॅमेरा लहरतो.

दिव्याचा ड्रायव्हर आवाज करतोय. प्लस-मायनसची जोडी पीळ देऊन न्या, दिव्यापाशी क्लिपवाला फेराइट लावा, कॅमेऱ्याची आणि दिव्याची वायर एकाच पाइपमधून नेऊ नका. तरीही थांबलं नाही तर दिवाच हलक्या दर्जाचा आहे, बदला.

१८. गौताळा किंवा किनवटच्या बाजूला जंगलात मुक्कामाला हे दिवे चालतील का?

गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे आणि पैनगंगेच्या बाजूलाही अभयारण्याचं क्षेत्र लागतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे परवानगीशिवाय आत मुक्काम नाही. रात्री झाडीवर फिरणारा झोत वनरक्षकाला शिकाऱ्याचाच वाटणार. हद्दीबाहेर उतरा, तिथेही अंबर दिवा, खाली तोंड करून. हरणाच्या डोळ्यांवर झोत टाकला तर ते जागच्या जागी थिजतं.

शेतात उतरणार असाल तर उजेडीच मालकाला आणि पोलीस पाटलाला सांगून ठेवा. अनोळखी गाडीचा मोठा उजेड रात्री वावरात दिसला की गाव जमतं, आणि ते साहजिक आहे.

१९. जुन्या बसची कॅम्पर केली आहे, २४ व्होल्ट. दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट घेऊ का?

नाही. एक बॅटरी रोज जास्त उतरते, दुसरी जास्त भरली जाते, आणि दोन्ही वर्षभरात जातात. बरेच एलईडी दिवे १० ते ३० व्होल्ट चालतात. दिव्याच्या मागच्या पट्टीवर वाचा. तसा असेल तर सरळ २४ वर जोडा. करंट निम्मा होतो, वायर बारीक चालते. रिले मात्र २४ व्होल्टच्या कॉइलचा हवा. १२ चा जळेल. १२ चेच दिवे असतील तर २४ ते १२ चा कन्व्हर्टर, दिव्यांच्या करंटच्या दीडपट क्षमतेचा.

२०. गाडी चार महिने उभी होती. आता एक दिवा लागत नाही, बॅटरीही उतरली.

उभ्या गाडीत उंदीर आधी वायर खातो. ग्रॉमेटपाशी आणि बॅटरीच्या ट्रेखाली बघा. दुसरा दिवा पेटत असेल तर फ्यूज आणि रिले ठीक आहेत. बंद दिव्याच्या प्लगवर टेस्ट लॅम्प लावा. लॅम्प पेटला तर दिवा गेला. नाही पेटला तर लॅम्पचं क्लिप चासीला लावून पुन्हा बघा: आता पेटला तर अर्थ तुटला आहे, तरीही नाही तर प्लसची वायर.

बॅटरी उतरण्यासाठी मायनस काढून मधे मल्टिमीटर अँपिअरवर लावा, दारं बंद करून अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत असावं. १५० च्या आसपास असेल तर एखादा रिले ओढलेलाच राहिला आहे. एकेक काढून बघा. पुढच्या वेळी गाडी उभी करताना जादा दिव्यांचा फ्यूज काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.